बसायचं कधी?

सायखेड्याचा माणूस रिकाम्या गाडीत बसत नाही.

नाशिककडं जाणारी काळी-पिवळी उभी असते. ड्रायव्हर 'चला नाशिक, नाशिक, लगेच निघाली' असं गळा फाडून सांगत असतो. गाडीत कोणी नसतं. आजूबाजूला मात्र दहा-बारा जण असतात. एक पानटपरीपाशी चुन्याची डबी चाचपतोय. दुसरा एसटीचं वेळापत्रक वाचतोय, जे त्याला पाठ आहे. तिसरा फोन कानाला लावून कोणाशीही बोलत नाहीये. सगळ्यांना नाशिकलाच जायचंय, पण पहिला बसेल तो पाऊण तास उकडून निघेल, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सगळे मोजत असतात. गाडीत चार झाले की टपरीवाला हलतो, सहा झाले की वेळापत्रकवाला, आणि ड्रायव्हरनं किल्ली फिरवली की फोनवाला. ड्रायव्हरही कच्चा नसतो. तो आपलीच दोन माणसं मांडीवर पिशव्या देऊन आधीच आत बसवून ठेवतो. गाडी भरली की ती दोघं 'आलोच' म्हणून उतरतात ती पुढच्या गाडीत बसायला.

हीच विद्या लग्नात दिसते. मंगल कार्यालयात टेबल-खुर्चीची पंगत बसली की प्रत्येक जेवणाऱ्यामागं एक जण येऊन उभा राहतो. हात खुर्चीच्या पाठीला, नजर पुढच्याच्या ताटात. भात किती उरलाय, मठ्ठा मागितला का, जिलबीवाला परत फिरला तर हा नको म्हणेल की दोन घेईल, असा सगळा हिशोब चाललेला. नवखा माणूस म्हाताऱ्यामागं उभा राहतो, कारण म्हातारी माणसं कमी खातात. मुरलेला माणूस म्हाताऱ्यामागं कधीच उभा राहत नाही, कारण म्हातारी माणसं कमी खातात पण सावकाश खातात. मुरलेला माणूस वऱ्हाडाच्या बसच्या ड्रायव्हरमागं उभा राहतो.

या सगळ्याला अमेरिकेत शास्त्र म्हणतात, त्यावर पुस्तकं निघतात आणि ती खपतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

मी गावातल्या एका पतसंस्थेत 36 वर्षं रोखपाल होतो. दुसऱ्याचे पैसे मोजायची बोटांना इतकी सवय झाली होती की निवृत्तीनंतर ती रिकामी असली तरी वळवळायची. पुण्याच्या भाच्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "मामा, तुम्ही चुकीच्या देशात जन्मलात. तुम्ही पत्ते मोजायला हवे होते."

खेळाचं नाव ब्लॅकजॅक. तसा तो आमच्या झब्बूपेक्षाही सोपा. पानांची बेरीज 21 च्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, ओलांडायची नाही. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे दहा. एक्क्याचे एक किंवा अकरा, जशी आपली सोय. समोर कॅसिनोचा वाटणारा असतो. त्याला अक्कल चालवायची मुभाच नसते. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच, असं त्याला लावून दिलेलं असतं. म्हणजे समोरचा नियमानं बांधलेला आणि आपण मोकळे. तरी शेवटी जिंकतो तोच, कारण आपल्याला आधी खेळावं लागतं. आपण बुडालो की आपले पैसे उचलले गेले, मग मागाहून तो बुडाला तरी परत मिळत नाहीत. अगदी बिनचूक खेळलं तरी शेकड्यामागं साधारण अर्धा रुपया घरमालकाकडं, म्हणजे कॅसिनोकडं, जातो. आमच्याकडं पत्त्यांच्या अड्ड्यावर याला नाल म्हणतात. अड्ड्यावर ती डब्यात पडताना दिसते, तिथं दिसत नाही, एवढाच फरक.

1962 साली एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं 'बीट द डीलर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याआधी एमआयटीतल्या आयबीएम 704 या अवाढव्य संगणकावर त्यानं सगळी आकडेमोड करून घेतली होती. त्याचं म्हणणं साधं होतं. वाटून झालेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. तेव्हा गेलेली पानं लक्षात ठेवली की उरलेल्यांचा अंदाज येतो, आणि उरलेल्यांत दश्शा-एक्के जास्त असतील तर पारडं खेळणाऱ्याकडं झुकतं. दश्शा मोजा, हे सांगायला त्याला खोलीभर यंत्र लागलं. आमच्याकडं मेंढीकोट खेळणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला कुठली दश्शी गेली आणि कुठली कोणाच्या हातात दडलीय हे झोपेतही सांगता येतं. भिडू विसरला तर त्याच्या डोक्यात टपली बसते. तेवढ्या खर्चात आमचं संशोधन उरकतं.

पुढं लोकांनी ही मोजणी आणखी सोपी केली. दुर्री ते छक्की यांतलं पान गेलं की अधिक एक. दश्शी, चित्राचं पान किंवा एक्का गेला की उणे एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी गेली तर काही नाही, त्यांना कोणी विचारत नाही. थोराड पानं शिल्लक राहिली की वाटणाऱ्याची पंचाईत होते. सोळावर अडकलेला असताना त्याला पान घ्यावंच लागतं, वरून येते दश्शी, आणि तो बुडतो. शिवाय एक्का आणि दहा अशी जोडी आपल्याला पहिल्याच दोन पानांत आली तर दीडपट मिळतात. त्याला आली तर तो आपली एकपटच नेतो. आयुष्यात इतका सरळ पक्षपात आपल्या बाजूनं झालेला मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पण नुसत्या बेरजेवर भुलायचं नाही. टेबलावर सहा कॅट म्हणजे 312 पानं असतात. बेरीज अधिक आठ आली आणि अजून चार कॅट शिल्लक असतील, तर आठ भागिले चार, खरा आकडा दोन. हे समजावायला भाच्यानं कागद-पेन्सिल घेतली. मी म्हटलं, "राहू दे रे, हा एकरी उतारा." शेजारचा छाती फुगवून सांगतो, यंदा तीनशे क्विंटल कांदा निघाला. ऐकणारा शांतपणे विचारतो, किती एकरात? मग छाती खाली येते. भागाकार केल्याशिवाय सायखेड्यात कोणाचं कौतुक होत नाही.

खरा आकडा एकच्या आसपास असला की आपण आणि घरमालक बरोबरीत. दोनवर गेला की शेकड्यामागचा तो अर्धा रुपया आपल्या बाजूला सरकतो. मग आकडा पडलेला असताना टेबलावर बसून पैसे कशाला घालवायचे? 1975 साली 'प्रोफेशनल ब्लॅकजॅक' नावाच्या पुस्तकात एका लेखकानं सांगून टाकलं की बसूच नका. मागं उभे राहा, मोजा, आकडा चढला की बसा, उतरला की उठा. लेखकाचं नाव स्टॅनफर्ड वाँग. ते टोपणनाव. खरं नाव जॉन फर्ग्युसन. इथं माझा पुण्याचा भाचा उगीचच कॉलर ताठ करून बसला. या मागं उभं राहण्याला लेखकाच्या टोपणनावावरून वाँगिंग म्हणतात.

हे ऐकून मी अंगणात जाऊन थोडा वेळ नुसता उभा राहिलो. खुर्चीमागं उभं राहून पुढच्याच्या ताटातला भात मोजायचा, याचं तिकडं क्रियापद झालं होतं. आमच्या कित्येक पिढ्या मात्र तशाच उभ्या राहून बिननावाच्या गेल्या.

मी सराव सुरू केला. अख्खा कॅट 30 सेकंदांच्या आत मोजता यायला हवा आणि शेवटी बेरीज शून्य यायला हवी, असा जाणकारांचा दंडक आहे. सौ. जेवणाच्या टेबलावर पानं टाकायची आणि मी मोजायचो. पतसंस्थेच्या पुण्याईनं आठवड्यात 28 सेकंदांवर आलो. पण कॅसिनोत गोंगाट असतो, म्हणून गोंगाटात सराव हवा. टीव्ही मोठा केला, कुकर लावला. चौथ्या दिवशी मी अधिक सातवर होतो, कुकरची शिट्टी झाली आणि मी अधिक आठ केले. शेवटी बेरीज एकानं चुकली. तेवढ्यात सौ. म्हणाली, "तीन झाल्या, गॅस बंद करा." ती पानं टाकत होती, खांद्यानं फोन धरून बहिणीशी बोलत होती आणि शिट्ट्या मोजत होती. तिची बेरीज चुकली नव्हती. तेव्हाच मला थोडी शंका यायला हवी होती.

आमच्या भावकीतले एक नाना आहेत, सप्ताहात पारायणाला बसणारे. त्यांना वाटलं मला वेड लागलंय, म्हणून बघायला आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे अमेरिकेचं कुठून? हे वनपर्वातलं आहे."

आणि खरंच आहे. नल राजा द्यूतात सगळं हरला आणि बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडं सारथी म्हणून राहिला. पुढं दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली आणि ऋतुपर्ण विदर्भातल्या कुंडिनपुराला निघाला. नल रथ हाकत होता. वाटेत बेहड्याचं एक झाड दिसलं. ऋतुपर्णानं चालत्या रथातून नुसती नजर टाकली आणि झाडाला पानं किती, फळं किती, ते सांगितलं. नलानं रथ थांबवला, झाड तोडलं आणि मोजून पाहिलं. आकडा बरोबर निघाला. (मला इथं गहिवरून आलं. राजाचा आकडा सारथी तपासतो, हे आमच्या लेखापरीक्षणात कधी घडलं नाही.) त्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. म्हणजे ज्याला झाडावरची फळं मोजता येतात, त्याला पटावरचीही मोजता येतात. ऋतुपर्णानं त्याला ती विद्या दिली, नलानं बदल्यात घोड्यांची विद्या कबूल केली. मग नल घरी गेला, पुष्कराशी एकच डाव खेळला, राज्य परत घेतलं, आणि उठला.

"एकच?" मी विचारलं.

"एकच," नाना म्हणाले. "आणि विद्या मिळायच्या आधी राज्य जावं लागलं होतं, तेवढं ध्यानात ठेव."

मी तेवढं सोडून बाकी सगळं ध्यानात ठेवलं.

महाराष्ट्रात हे जमण्यासारखं नव्हतं. आपल्याकडं जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे आणि तो अजून तब्येतीनं खणखणीत आहे. त्याच्याच कृपेनं 'काटवनात 52 पत्त्यांवर जुगार, सात जण ताब्यात, रोख रकमेसह तीन दुचाकी जप्त' अशा बातम्या येतात. अशी बातमी वाचताना मी सवयीनं भागाकार करतो. सात जण, तीन दुचाकी, म्हणजे एका गाडीवर तिघे आले होते. त्या गुन्ह्याबद्दल कोणी काही बोलत नाही. राज्यानं 1976 साली कॅसिनोंसाठी वेगळा कायदाही केला होता, पण तो अमलात आणला नाही. त्याच्याकडं पुढं येतो.

राहिला गोवा. पणजीला मांडवी नदीत जहाजं उभी असतात आणि त्यांवर कॅसिनो चालतात. गोवेकरांना मात्र 1 फेब्रुवारी 2020 पासून आत यायला त्यांच्याच सरकारनं बंदी केली आहे. आचारी स्वतःच्या हातचं खात नसेल तर पाहुण्यानं काय ते समजावं. पण मी आकड्यांचा माणूस, सूचक गोष्टी मला कळत नाहीत. 2023 च्या जुलैत, घरच्या कांदाचाळीत दीडशे क्विंटल उन्हाळ कांदा ठेवून, मी दाजींना घेऊन पणजीला गेलो.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. चौफुलीवर त्यांची रसवंती आहे. त्यांना पत्त्यांतलं काही कळत नाही आणि तसं ते सांगतातही. जहाजाच्या तिकिटात जेवण आणि खेळायची थोडी कुपनं धरलेली होती. दाजींनी आपली कुपनं पहिल्या चक्रावर ठेवली, चार मिनिटांत घालवली आणि मोकळ्या मनानं विचारलं, "जेवायचं कुठं?"

मी ब्लॅकजॅकच्या टेबलाशी गेलो आणि एका खुर्चीमागं उभा राहिलो. हात आपोआप पाठीला गेला. खुर्ची मखमलीची होती, पण पकड तीच, मंगल कार्यालयाची. बसलेला गृहस्थ इंदूरचा होता. त्यानं वळून विचारलं, "भाईसाहब, बैठना है?" मी मान हलवली. पुढचा हात तो हरला आणि मग त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच सोळावर दश्शी ओढली. एक मुलगी तीनदा येऊन म्हणाली, "सर, बसा ना." जगात आग्रह करकरून बसवणारी दोनच ठिकाणं मी पाहिली, काळी-पिवळी आणि कॅसिनो. दोन्हीकडं आपण बसल्याशिवाय त्यांचं काही निघत नाही.

मी मोजत होतो. अधिक तीन. उणे एक. शून्य. पुन्हा अधिक चार. साडेनऊला बेरीज नऊवर गेली, मग चित्रांची एक सर आली आणि सगळं धुऊन गेलं. पाय दुखायला लागले. दहाच्या सुमारास छोटी पानं पडायला लागली. पंजी, तिर्री, छक्की, दुर्री, पुन्हा पंजी. अधिक दहा. अधिक बारा. माझ्या कानांत कुकर वाजायला लागला. इंदूरवाला वैतागून उठला. खुर्ची रिकामी, आकडा चढलेला, समोर सोळावर बुडायला टेकलेली वाटणारी. स्टॅनफर्ड वाँगनं सांगितलेला तो क्षण हाच. मी खिशात हात घातला.

तेवढ्यात दात कोरत दाजी आले. दोन मिनिटं टेबलाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, खेळून झालेली पानं ती बाई कुठं टाकती?"

"त्या मशीनमध्ये," मी म्हटलं.

"आणि नवी पानं कुठून काढती?"

"त्याच मशी..."

शब्द तिथंच राहिला. दाजी शांतपणे म्हणाले, "हे तर आपल्या रसवंतीसारखंच आहे. तोच ऊस परत परत चरकात. पण इथं चिपाड पडतच नाही."

तसं यंत्र असतं, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. भाच्यानं सांगितलं होतं की काही ठिकाणी सतत पिसणारं यंत्र बसवतात. प्रत्येक हात संपला की पानं पोटात घ्यायची, ढवळायची आणि त्यांतूनच पुढची द्यायची. गेलेलं पान गेलंच नाही, तर मोजणार काय? दोन तास मी ज्या आकड्याला जिवापाड जपत होतो, तो फक्त माझ्या डोक्यात होता. पलीकडच्या एका टेबलावर यंत्र नव्हतं, पण तिथं डाव मध्यावर असताना नव्या माणसाला बसू देत नव्हते, पुढचं पिसणं होईपर्यंत थांबा म्हणाले. वाँगचं पुस्तक घरमालकांनीही वाचलेलं असतं. आपल्या प्रतीपेक्षा त्यांची प्रत जास्त वाचलेली असते.

मी जेवायला गेलो. बुफेची भांडी उचलत होते. गुलाबजामच्या पाकात नुसता डाव उरला होता. त्या रात्री माझ्या वाट्याला आलेला तो एकच डाव.

परतीच्या वाटेवर मी हिशोब केला. तिकीट, पेट्रोल, लॉज, वाटेतला वडापाव. मोजणारा माणूस अगदी तरबेज असला आणि हजार-हजार रुपये लावत बसला, तर चांगल्या आकड्याला एका हातामागं सरासरी पाच रुपये सुटतात आणि त्या पाचांसाठी प्रत्येक हाताला हजार खाली-वर होतात. एवढी झोप उडवून पाच रुपये आमच्या पतसंस्थेनंही दिले असते. मी तर एकही हात न खेळता हरलो होतो. दाजींनी तिकिटाचे पैसे गुलाबजामात वसूल केले होते.

घरी आलो आणि चाळीपुढं उभा राहिलो. तेव्हा लक्षात आलं की आपण जन्मभर याच टेबलामागं उभे आहोत.

सायखेडा हा पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार. सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीवर सरकतो. कोणी ट्रॉलीत हात खुपसून खालचा कांदा वर काढतो, तळव्यावर चोळून पत्ती बघतो, दाबून मान बघतो. पुकारा सुरू होतो आणि तुम्ही शिंकून होईस्तोवर भाव फुटलेला असतो. त्या घोळक्यामागं आणखी एक घोळका असतो, तो विकायला न आलेल्यांचा. हात मागं बांधलेले, कान पुढं. आवक घटली, अधिक एक. मध्य प्रदेशात पाऊस झोडपतोय, अधिक एक. कर्नाटकचा लाल निघाला, उणे एक. शेजाऱ्याची चाळ सडली, अधिक एक, पण तोंडावर हळहळ. निवडणूक जवळ आली, उणे पाच. संध्याकाळी पारावर बेरीज होते आणि निकाल रोज एकच लागतो, 'थांबू अजून थोडं.'

थांबायला हरकत नव्हती, पण घरमालक इथंही आहे. मांडवीवर त्याचा वाटा शेकड्याला अर्धा रुपया. आमच्या चाळीत चार-पाच महिने कांदा ठेवला की क्विंटलमागं 25-30 किलो घट आणि सड धरावीच लागते. ब्लॅकजॅकच्या टेबलावर इतकी नाल जगातला कुठलाही कॅसिनो घेत नाही.

त्या ऑगस्टात आकडा खरोखर चढत होता. सौ. म्हणाली, थोडा काढून टाका. मी म्हटलं, अजून दोन चढू दे. आता मघाशी सोडलेल्या कायद्याकडं येतो. 18 ऑगस्ट 2023 ला शुक्रवारी राज्याच्या मंत्रिमंडळानं 1976 चा तो कॅसिनो कायदा रद्द करायचं ठरवलं. 47 वर्षं टेबलामागं उभं राहायचं आणि न बसताच निघून जायचं, यापेक्षा शुद्ध वाँगिंग मी पाहिलेलं नाही. मुंबईत जुगार नको असं शुक्रवारी ठरलं आणि शनिवारी, 19 ऑगस्टला, दिल्लीनं कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. पुढं 8 डिसेंबरला निर्यात अख्खीच बंद झाली. 4 मे 2024 ला उघडली, ती टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि तेच 40 टक्के घेऊन. सप्टेंबरात 20 टक्के झाले. 1 एप्रिल 2025 ला शुल्क गेलं. दर खेपेला आमची बेरीज अधिक बारावर आली की कोणीतरी पानं पोटात घेतली आणि नव्यानं पिसली.

हे मी दाजींना मोठ्या आवेशानं सांगितलं. म्हटलं, "दाजी, दिल्लीतही तेच मशीन आहे. सतत पिसणारं." त्यांनी चरकातून ऊस काढला, दुमडला आणि परत आत सारला. म्हणाले, "एक फरक आहे, पाव्हणं. इथं चिपाड पडतं. आपलं."

मग सौ.नं एक गोष्ट सांगितली. आम्ही पणजीला होतो त्या दिवशी तिनं शेजारच्या पोराचा ट्रॅक्टर बोलावून चाळीतली एक ट्रॉली लिलावाला लावली होती. पुढच्या आठवड्यात दुसरी. चाळीत कमी दिसलेला कांदा मी घट समजलो होतो, ती घट नव्हतीच. मी विचारलं, "आकडा काय बघून लावली?" ती म्हणाली, "कसला आकडा? सगळे थांबले होते, म्हणून बाजारात गर्दी नव्हती. आणि सगळा थोडाच काढला?" थॉर्प, वाँग आणि ऋतुपर्ण यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात आटोपलं. गर्दी नसताना बसायचं आणि सगळं एकदम लावायचं नाही.

सायखेड्याला मोजता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. आमची एक मोजणी बिनचूक आहे. पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढायला लागलं की नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची चौकशी सुरू होते. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नदीकाठचे दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर घेतात. छातीला लागलं की वरच्या फळीवरचा माल माळ्यावर जातो. गळ्याशी आलं की माणसं माळ्यावर विसंबत नाहीत. 2016 ला आणि 2019 ला पाणी गावात शिरलं. तेव्हा 'अजून थोडं थांबू' असं पारावर कोणी म्हणालं नाही, पारच पाण्यात होता. धरणातून सुटलेलं पाणी नाशिक ओलांडून इथं येतंच. मधल्या वाटेत ते पिसणारं कोणी नाही, म्हणून ही मोजणी खरी ठरते. कधी बसावं हे आम्हाला जन्मात कळलं नसेल, पण कधी उठावं ते नदीनं शिकवलंय.

तेव्हा पत्ते मोजून टेबलावर कधी बसावं असं मला कोणी विचारलं, तर मी आधी विचारतो, खेळून झालेली पानं कुठं जातात ते बघितलं का? ती परत यंत्रात जात असतील तर मोजत बसू नका. टेबल मांडवीवरचं असो नाहीतर बाजार समितीतलं. आणि बसलातच, तर नलासारखे उठा.

परवा चांदोरीला लग्न होतं. अक्षता पडल्या आणि सवयीनं पाय एका ड्रायव्हरच्या खुर्चीमागं निघाले होते. सौ.नं कोपर ओढलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण पहिल्याच पंगतीला बसणं सगळ्यांना हावरटपणाचं वाटत होतं. आम्ही बसलो. मसालेभात अर्ध्यावर आला तेव्हा माझ्या खुर्चीच्या पाठीला कोणाचा तरी हात लागला. मी वळून बघितलं नाही. वाढप्याला हाक मारली आणि मठ्ठा मागितला.

पहिल्या पंगतीला जिलबी गरम असते, हे मला 62 व्या वर्षी कळलं.